जागतिक आरोग्य संस्थेला माल पुरवण्याचा करार कसा तपासावा

गोकुळ शिरगावच्या कारखान्याला लसीच्या शीतपेट्यांची ऑर्डर आली की मसुदा तपासायला कोल्हापूरच्या वकिलाकडे येतो. किंमत नंतर बघा, आधी वादाचे कलम काढा.

संयुक्त राष्ट्रांशी संलग्न संस्थांना न्यायालयीन कारवाईपासून संरक्षण असते. भारतात त्यासाठी 1947 चा कायदा आहे. त्यामुळे ‘कोल्हापूर न्यायालयाचे अधिकारक्षेत्र’ हे आपले नेहमीचे वाक्य टाकण्यात अर्थ नाही, संस्था ते खोडणारच. वाद मग लवादाकडे, म्हणजे न्यायालयाबाहेर निवाडा देणाऱ्या त्रयस्थ व्यक्तीकडे जातो. ते काम बहुधा अनसिट्रलच्या (संयुक्त राष्ट्रांचा आंतरराष्ट्रीय व्यापार कायदा आयोग) नियमांनी चालते. लवादांची संख्या करारात लिहिली नसेल आणि लवादाची नोटीस पोहोचल्यापासून 30 दिवसांत ‘एकच’ यावर एकमत झाले नाही, तर तीन नेमले जातात. छोट्या ऑर्डरीत तेवढा खर्च नफा खाऊन टाकतो, म्हणून ‘एकच लवाद’ आताच लिहून घ्या.

मग डिलिव्हरी. एफओबी (‘फ्री ऑन बोर्ड’, म्हणजे जहाजावर पोच) असेल तर माल जहाजावर चढेपर्यंत जोखीम आपली. कंटेनर न्हावा शेवाला आठवडाभर पडला, तरी आपलीच. एफसीए (‘फ्री कॅरिअर’, म्हणजे ठरलेल्या जागी खरेदीदाराच्या वाहतूकदाराकडे पोच) मागा. ‘एफसीए, आपला कारखाना’ लिहिल्यास त्यांच्या गाडीत माल भरून दिला की आपण मोकळे. जागेचा पूर्ण पत्ता घाला, नुसते ‘कोल्हापूर’ नको.

उशिराच्या दंडाला कमाल मर्यादा हवीच. भारतीय करार कायद्याचे कलम 74 (दंड कितीही लिहिला तरी वाजवी भरपाईच मिळते) वाचवेल या भरवशावर राहू नका. अशा करारांत बऱ्याचदा भारतीय कायदा लागू असल्याचा उल्लेखच नसतो.