हेरोद कोणता? नाव सोडा, पत्ता वाचा

"काका, हेरोद मेला होता ना? मग योहानाचं डोकं कुणी उडवलं?" रविवारच्या बायबल वर्गात नऊ वर्षांच्या एका पोरीनं मला हे विचारलं. हेरोद म्हणजे येशूच्या काळातला यहूदी मुलखाचा राजा, आणि योहान म्हणजे बाप्तिस्मा करणारा योहान. शुभवर्तमान, म्हणजे येशूचं चरित्र, मन लावून वाचणाऱ्यालाच असा प्रश्न पडतो. मत्तयानं लिहिलेल्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात हेरोद मरतो आणि चौदाव्यात पुन्हा हजर!

मी मनमाडचा. उभी नोकरी रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये काढली, चालत्या डब्यात उभ्यानं डाक छानत. तिथला पहिला धडा हाच, की नाव पोस्टमननं वाचायचं, सॉर्टरनं पत्ता वाचायचा. एका तालुक्यात एकाच नावाचे दहा पाटील असतात. हेरोद हेही एका घराण्याचं नाव. ते वाचून छानायला बसलात तर सगळी डाक चुकीच्या थैलीत जाईल.

बुटाचं रिकामं खोकं घ्या आणि पुठ्ठ्याच्या पट्ट्यांनी त्याचे सहा कप्पे करा. जिथं जिथं हेरोद किंवा अग्रिप्पा भेटेल तिथला संदर्भ एकेका चिठ्ठीवर लिहा. आता प्रत्येक चिठ्ठीला तीन गोष्टी विचारायच्या. पत्ता काय, म्हणजे मुलूख कोणता? शिक्का कुणाचा, म्हणजे रोममध्ये कैसर, अर्थात सम्राट, कोण? आणि मार्फत कोण? मार्फतच्या जागी बहुतेक वेळा एखादी बाई निघते.

पहिला कप्पा थोरल्या हेरोदाचा. बेथलेहेम, मागी लोक (पूर्वेकडचे ज्ञानी), तान्हं बाळ, अख्खा यहूदी मुलूख एकाच राजाकडे, असं दिसलं की चिठ्ठी इथं टाका. त्याला राजा केलं रोमच्या सिनेटनं, इसवी सनपूर्व ४० मध्ये. यरुशलेम हातात यायला आणखी तीन वर्षं गेली. रोममधल्या सत्तेच्या झगड्यात तो अँटनीच्या बाजूचा होता. अँटनी हरल्यावर तो ऱ्होड्स बेटावर ऑक्टेव्हियनसमोर (पुढचा कैसर ऑगस्टस) मुकुट उतरवून उभा राहिला आणि मुकुट परत मिळवून घरी आला. त्यानं मंदिर नव्यानं बांधायला घेतलं, कैसरिया बंदर उभारलं, आणि बायको मरियम्ने व पोटच्या तीन मुलांना मारलं. इसवी सनपूर्व ४ मध्ये तो वारला. त्यानंतरची एकही चिठ्ठी या कप्प्यात जाता कामा नये.

तो गेल्यावर पोरांनी रोम गाठलं, कारण बापाच्या मृत्युपत्रावर ऑगस्टसची मोहर हवी होती. त्यानं मुलूख वाटून दिला, राजा ही पदवी मात्र कुणालाच दिली नाही. मराठी बायबलात इथं 'मांडलिक' असा शब्द येतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ चौथाईचा धनी. पण मला मांडलिकच आवडतो, गादी कुणाच्या मर्जीवर आहे ते एका शब्दात कळतं.

दुसरा कप्पा अर्खेलाव. पत्ता यहूदीया, शोमरोन आणि इदोम. त्याची चिठ्ठी जेमतेम एक. येशूला घेऊन योसेफ मिसरातून (इजिप्तमधून) परतताना त्याचं नाव ऐकून घाबरतो आणि गालीलाकडे वळतो. गालीलही हेरोदाच्याच पोराकडे होता, पण दुसऱ्या. इसवी सन ६ मध्ये रोमनं अर्खेलावाला काढून गॉलमध्ये पाठवलं आणि यहूदीयात आपला अधिकारी बसवला. पुढे येशूचा न्याय करणारा पिलात याच खुर्चीवरचा.

तिसरा कप्पा सगळ्यात जास्त भरतो. हेरोद अंतिपा, पत्ता गालील आणि पेरिया, शिक्का बहुतेक तिबिर्याचा, मार्फत त्याची बायको हेरोदिया. येशूनं ज्याला 'कोल्हा' म्हटलंय तो हाच. योहानाला मारणाराही हाच. ते घडलं मखायरस किल्ल्यात, असं योसेफस हा इतिहासकार सांगतो. किल्ला मृत समुद्राच्या पूर्वेला, म्हणजे पेरियात. पत्ता जुळतो की नाही?

लूकाच्या तेविसाव्या अध्यायात पिलातानं चक्क सॉर्टरचं काम केलंय. येशू गालीलचा आहे हे कळताच तो त्याला सणासाठी यरुशलेमेत आलेल्या अंतिपाकडे पाठवून देतो. हद्द तुमची, बघा तुम्हीच. अंतिपा चेष्टा करतो, झगझगीत झगा चढवतो आणि परत पाठवतो. रीडायरेक्ट केलेली टपाल पहिल्याच दारी परत यावी, तसं. हा भाग मी वर्गात नेहमी दोनदा वाचून घेतो.

इथं एक खोच आहे. मत्तय त्याला मांडलिक म्हणतो, मार्क राजा म्हणतो. म्हणून मार्कची चिठ्ठी पहिल्या कप्प्यात टाकू नका. लोक त्याला राजा म्हणत असतील, रोमनं कधी म्हटलं नाही. आणि त्याच पदवीपायी तो बुडाला. हेरोदियाचा भाऊ अग्रिप्पा कर्जबाजारी होऊन दारी आला, तेव्हा अंतिपानं त्याला तिबिर्या शहरात बाजारावर देखरेखीची नोकरी दिली होती. पुढे तिबिर्यानंतरचा कैसर कालिगुला यानं त्याच अग्रिप्पाला राजा केलं. हेरोदियाला ते सोसेना. तिनं नवऱ्यामागे टुमणं लावलं, तुम्हीही जाऊन मुकुट मागा. दोघं रोमला निघाले, पण त्यांच्या पाठोपाठ अग्रिप्पाची तक्रारही पोचली, की याच्याकडे सत्तर हजार माणसांना पुरेल एवढी शस्त्रं आहेत. मुकुट राहिला बाजूला, ३९ मध्ये हद्दपारी हातात पडली. तू अग्रिप्पाची बहीण, तुझी मालमत्ता तुला ठेव, असं कालिगुला हेरोदियाला म्हणाला. तिनं ते नाकारलं आणि नवऱ्याबरोबर गेली. या बाईबद्दल प्रवचनात ऐकतो त्यात हे कधी नसतं.

चौथा कप्पा पहिल्या अग्रिप्पाचा. इथं फसायला होतं, कारण बायबलातलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक त्याला नुसतं 'हेरोद राजा' म्हणतं. शिक्का बघा, क्लौद्य. येशूच्या शिष्यांपैकी याकोबाला मारतो, पेत्राला कोंडतो आणि ४४ मध्ये कैसरियात मरतो. थोरल्याचा हा नातू. आधी त्याला चुलता फिलिप्प (वाटणीत मुलूख मिळालेला थोरल्याचा आणखी एक मुलगा) याचा मुलूख मिळाला, मग अंतिपाचा, शेवटी यहूदीयाही.

पाचवा त्याचा मुलगा, दुसरा अग्रिप्पा. कैदेतला प्रेषित पौल ज्याच्यापुढे बोलतो तो. मार्फतच्या जागी बहीण बर्णीका. याच्या चिठ्ठीवर हेरोद हे नाव नसतंच, त्यामुळे हा कप्पा पोरं बिनचूक भरतात.

फिलिप्पाला मी वेगळा कप्पा दिला नाही, एवढ्या चिठ्ठ्या त्याच्या नाहीत. पण नाणी दाखवायची असली तर त्याचीच दाखवा. त्यांवर कैसराचं डोकं आहे, कारण त्याची रयत बरीचशी यहूदी नव्हती. अंतिपानं नाण्यांवर बोरू आणि खजुराची फांदी घातली, डोकं टाळलं.

सहावा कप्पा मुद्दाम रिकामा ठेवायचा, पत्ता न लागणाऱ्या टपालासाठी. माझ्या खोक्यात तिथं एकच चिठ्ठी आहे, हेरोदियाच्या पहिल्या नवऱ्याची. मार्क त्याला फिलिप्प म्हणतो, योसेफस हेरोद म्हणतो, आणि मांडलिक फिलिप्प तर योसेफसच्या मते हेरोदियाच्या मुलीचा नवरा. तो पहिला प्रश्न विचारणारी पोरगी दर रविवारी येऊन पहिल्यांदा तोच कप्पा उघडून बघते.