सरकारी कार्यालयाचं संगणकीकरण: या चुका टाळा

‘सिस्टीम स्लो आहे’ अशी तक्रार आली की लगेच नव्या सर्व्हरचा प्रस्ताव पाठवू नका. आधी एकच अर्ज धरा आणि तो प्रत्येक टेबलावर कधी आला, कधी पुढे गेला, याच्या वेळा लिहून काढा.

एका कार्यालयात सगळे नेटवर्कच्या नावाने बोटं मोडत होते. लाइनचा वेग वाढवला, स्विच बदलले, तरी दाखल्याला लागणारे दिवस तेवढेच. लॉग, म्हणजे सिस्टीम आपोआप ठेवते ती नोंद, उघडला तर सर्व्हर काही सेकंदांत उत्तर देत होता. अर्ज अडकत होता प्रिंटरपाशी. ऑनलाइन आलेला अर्ज छापायचा, बारनिशीत म्हणजे आवक-जावक नोंदवहीत नोंदवायचा, नस्तीत म्हणजे फाइलमध्ये लावायचा, टिपणी हाताने लिहायची आणि सही झाली की स्कॅन करून परत सिस्टीममध्ये चढवायचा! आम्ही प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारला: इथे कुणी निर्णय घेतं का? नुसत्या ‘पाहिले’ म्हणून होणाऱ्या सह्या काढून टाकल्या आणि सिस्टीममधली मंजुरी हीच अंतिम, असा लेखी आदेश काढून घेतला. तो आदेश सर्वांत महत्त्वाचा. त्याशिवाय लिपिक कागद ठेवणारच, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. उद्या चौकशी लागली तर त्याने दाखवायचं काय? नवीन यंत्र एकही घ्यावं लागलं नाही.

दुसरी चूक म्हणजे सरकारनेच दिलेली कागदपत्रं नागरिकाकडून पुन्हा मागणं. यावर उतावळ्या मंडळींचा ठरलेला उपाय असतो: सगळ्या खात्यांची माहिती एका प्रचंड डेटाबेसमध्ये ओता. तसं करू नका. एस्टोनियाने 2001 मध्ये एक्स-रोड सुरू केलं. त्यात माहिती ज्या त्या खात्याकडेच राहते, दुसरं खातं सुरक्षित मार्गाने विचारतं आणि प्रत्येक विचारणेची नोंद होते. एकाच माहितीसाठी दुसरा स्वतंत्र डेटाबेस उभारायला तिथल्या कायद्यानेच मनाई आहे.

खात्याखात्यांत एक्सेल फाइली फिरवणं हा शॉर्टकट मला अजिबात मान्य नाही. 2020 मध्ये इंग्लंडमध्ये कोरोनाचे 15,841 रुग्ण दैनंदिन आकडेवारीतून सुटले, कारण जुन्या एक्सएलएस फाइलच्या शीटमध्ये 65,536 ओळींपलीकडे काही मावत नाही. ते कुणाच्या संपर्कात आले होते, याचा शोधही त्यामुळे लांबला. किती ओळी पाठवल्या आणि किती पोहोचल्या, हे दोन्ही बाजूंनी जुळल्याशिवाय मी काम संपलं असं म्हणत नाही.

बॅकअप त्याच इमारतीत ठेवू नका. सप्टेंबर 2025 मध्ये दक्षिण कोरियात डेजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली आणि कर्मचाऱ्यांच्या फाइली ठेवणारं जी-ड्राइव्ह गेलं, कारण त्याची प्रत बाहेर कुठेच नव्हती. प्रत असली तरी अधूनमधून एखादी फाइल दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहा. ‘बॅकअप सक्सेसफुल’ या संदेशावर मी विसंबत नाही.

एकच लॉगिन चौघांनी वापरू नये. कुठलं काम कुणी केलं, हे नंतर सांगता येत नाही.

आणि उद्घाटनाची तारीख आधी ठरवून सगळीकडे एकदम सुरुवात करू नका. अमेरिकेचं हेल्थकेअर डॉट गव्ह हे आरोग्य विम्याच्या नोंदणीचं संकेतस्थळ 1 ऑक्टोबर 2013 ला 36 राज्यांसाठी एकदम खुलं झालं आणि पहिल्या दिवशी फक्त सहा जणांची नोंदणी पूर्ण झाली. एका शाखेत सुरू करा, तेही गर्दीच्या दिवसांत. तिथे जुनी बारनिशी बंद झाली की मगच पुढच्या शाखेला लॉगिन द्या.