वाढत्या वयात शरीराची राखीव ताकद कशी मोजावी आणि कशी जपावी

वय वाढू लागले म्हणून शरीराचे रोजचे व्यवहार लगेच बिघडत नाहीत. आधी घटते ती अवयवांची राखीव ताकद. गंगापूर धरणातील साठा उतरत असतानाही नाशिकच्या नळांना बराच काळ पूर्वीइतकेच पाणी येत राहते आणि टंचाई कळते ती पाऊस लांबल्यावर. हृदय, फुप्फुसे, मूत्रपिंडे आणि स्नायू यांचेही तसेच होते. पासष्टीची व्यक्ती घरातली कामे करते, सकाळी जाऊन भाजी आणते, म्हणून ती पूर्वीसारखीच आहे असे घरातल्यांना वाटत असते. आणि मग चार दिवसांचा ताप, एप्रिलमधील लग्नसराईचे ऊन किंवा एखादी लहान शस्त्रक्रिया एवढ्यानेच ती महिनाभर अंथरुणाला खिळते. हा घटलेला साठा अडचण येण्यापूर्वी घरच्या घरी कसा मोजावा, त्यातला कोणता भाग पुन्हा भरून काढता येतो आणि कोणती लक्षणे वयाच्या खाती मुळीच टाकू नयेत, हे पुढे सांगितले आहे.

ही घट का होते याविषयी थोडे जाणून घेणे उपयोगाचे आहे. लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी १९६१ साली दाखवून दिले, की मानवी पेशी प्रयोगशाळेत साधारणपणे ४० ते ६० वेळा विभागतात आणि मग थांबतात. गुणसूत्रांच्या टोकांवरील टेलोमिअर नावाचे संरक्षक भाग प्रत्येक विभाजनाबरोबर आखूड होत जातात, हे त्यामागचे एक कारण पुढे समजले; टेलोमिअरवरील संशोधनाला २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. याखेरीज पेशींना ऊर्जा पुरवणारी केंद्रे मंदावतात, विभाजन थांबलेल्या पेशी ऊतींमध्ये साचून सौम्य दाह चालू ठेवतात आणि दुरुस्ती करणाऱ्या मूळ पेशी कमी पडू लागतात. वार्धक्याला एकच एक कारण नाही, म्हणूनच त्यावर एकच एक गोळीही नाही. माणसाचे वार्धक्य थांबवते असे सिद्ध झालेले औषध आज उपलब्ध नसताना तसा दावा करणाऱ्या महागड्या डब्यांवर खर्च होणारे पैसे दूध, डाळी आणि चांगला चष्मा यांवर खर्च करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

पायांपासून सुरुवात करावी

सगळ्या बदलांत सर्वांत दुर्लक्षित, तरीही सर्वांत जास्त भरून काढता येण्याजोगा बदल म्हणजे स्नायूंची झीज होय. तिशीनंतर दर दशकात स्नायूंचे वस्तुमान साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटते आणि साठीनंतर हा वेग वाढतो. ताकद तर वस्तुमानापेक्षाही लवकर कमी होते, कारण झटकन आकुंचन पावणारे तंतू आधी नाहीसे होतात. ठेच लागल्यावर तोल सावरण्यासाठी नेमके हेच तंतू लागतात. त्यामुळे ज्या ठेचेने चाळिशीत माणूस नुसता अडखळतो, त्याच ठेचेने सत्तरीत तो पडतो.

मोजणीसाठी हात नसलेली, साधारण गुडघ्याच्या उंचीची एक मजबूत खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. ज्यांची चाचणी घ्यायची त्यांनी दोन्ही हात छातीवर घेऊन पाच वेळा पूर्ण उभे राहावे आणि पुन्हा बसावे. घरातील दुसऱ्या कोणी तरी शेजारी उभे राहून वेळ मोजावी. आशियाई लोकांसाठी २०१९ मध्ये ठरवलेल्या निकषांनुसार यासाठी १२ सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागत असेल, तर स्नायूंची कार्यक्षमता कमी झाल्याचे ते चिन्ह मानतात. दुसरी मोजणी चालण्याची आहे. सोसायटीच्या आवारात किंवा गच्चीवर ६ मीटर अंतर खडूने आखावे आणि नेहमीच्या गतीने चालण्यास सांगावे. ६ सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागल्यास गती कमी आहे असे समजावे. तिसरी मोजणी शिंप्याच्या टेपने पोटरीच्या सर्वांत जाड भागाची करावी; पुरुषांत ३४ आणि स्त्रियांत ३३ सेंटिमीटरपेक्षा घेर कमी असणे ही स्नायू घटल्याची खूण आहे. पायांना सूज असल्यास मात्र हे माप फसवे ठरते. गुडघेदुखीमुळे उठता येत नसेल, तर वेळेच्या आकड्यापेक्षा गुडघ्याच्या उपचाराकडे आधी पाहावे. तिन्ही आकडे तारखेसह वहीत लिहून दर तीन महिन्यांनी पुन्हा मोजावेत, कारण एका दिवसाच्या आकड्यापेक्षा त्याचा कल अधिक सांगून जातो.

आकडे उतरलेले दिसले तरी खचून जाण्याचे कारण नाही. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या बोस्टनमधील एका अभ्यासात वृद्धाश्रमात राहणाऱ्या, ८६ ते ९६ वर्षे वयाच्या दहा जणांना ८ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम देण्यात आला आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीतला स्नायू जर असा प्रतिसाद देत असेल, तर ‘आता या वयात व्यायाम कसला’ हे वाक्य कोणत्याही घरात उच्चारले जाऊ नये.

नाशिकमध्ये चालण्याची हौस भरपूर आहे. गोल्फ क्लब मैदानावर सकाळ-संध्याकाळ ज्येष्ठांची वर्दळ असते. मात्र सपाट जमिनीवर चालण्याने दमसास वाढतो, मांडीचे स्नायू फारसे वाढत नाहीत, आणि रोज तासभर चालणाऱ्यांनाही जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो तो त्यामुळेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रम, किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम आणि किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम करावा. घरी तो असा बसवता येतो: एक दिवसाआड खुर्चीतून हळूहळू आठ-दहा वेळा उठावे व बसावे, थोडी विश्रांती घेऊन तेवढेच पुन्हा करावे, स्वयंपाकघरातील ओट्याला धरून टाचा उचलाव्यात, ओट्याजवळच एका पायावर दहा सेकंद उभे राहून मग पाय बदलावा. हे सहज जमू लागले की हातात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घ्याव्यात, कारण स्नायू वाढतो तो त्याच्यावरील भार वाढत गेला तरच. हृदयविकार, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा अनियंत्रित रक्तदाब असल्यास डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागांत आयुष्यभर राबलेल्या माणसांबाबत एक वेगळी काळजी घ्यावी लागते. मुलांनी प्रेमापोटी ‘अण्णा, आता तुम्ही फक्त आराम करा’ असे म्हटले की काम एकाएकी थांबते, आणि स्नायूंना विश्रांतीइतके घातक दुसरे काही नाही. निरोगी वृद्धांना १० दिवस अंथरुणावर ठेवून केलेल्या एका अभ्यासात त्यांच्या पायांमधील जवळपास १ किलो स्नायू गेला होता. म्हणून कष्टाची कामे कमी करावीत, पण बागेतली फेरी, वेलींची पाहणी, हलकी वेचणी त्यांच्याकडेच राहू द्यावी. आणि आजारपणातही डॉक्टरांची परवानगी मिळताच त्यांना पलंगावरून खुर्चीत बसवावे.

ताटातील प्रथिने आणि हाडे

व्यायामाला अन्नाची जोड नसेल तर स्नायू बनणार कशाचे? वृद्धांचे स्नायू प्रथिनांना मंद प्रतिसाद देतात, त्यामुळे वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने त्यांना सुचवली जातात; मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी हे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. प्रत्यक्षात आजी-आजोबांच्या रात्रीच्या ताटात पचायला हलका म्हणून नुसता मऊ भात आणि पातळ वरण असते, आणि त्यात प्रथिने नावालाच उरतात. वरण घट्ट करावे, मोड आलेली मटकी किंवा मूग मऊ शिजवून द्यावेत, एक कप दूध किंवा वाटीभर दही दोन्ही वेळच्या जेवणाजवळ असावे, आणि खाणाऱ्यांनी अंडे जरूर घ्यावे. एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम प्रथिने मिळतात. दात हलत असतील तर आधी दातांचा इलाज करावा, कारण चावता न येणारा माणूस नकळत डाळी, शेंगदाणे आणि भाज्या सोडून चहा-बिस्किटांवर येतो.

हाडांची घनता तिशीच्या आसपास सर्वाधिक असते आणि नंतर उतरू लागते. स्त्रियांमध्ये पाळी थांबल्यानंतर इस्ट्रोजेन घटल्यामुळे पहिल्या पाच-सात वर्षांत ही घसरण सर्वांत वेगाने होते, म्हणून घरातील पन्नाशीच्या स्त्रीकडे त्याच काळात लक्ष जायला हवे. प्रत्यक्षात ते जाते मनगट मोडल्यावर. पेठ-सुरगाण्याकडची नागली हा कॅल्शियमचा स्वस्त आणि उत्तम स्रोत आहे. १०० ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, आणि नागलीची भाकरी ज्यांना कोरडी वाटते त्यांना ताकातली आंबील देता येते. वयानुसार त्वचेची ड जीवनसत्त्व तयार करण्याची क्षमताही घटते, त्यामुळे उन्हाचा देश असूनही त्याची कमतरता होते. गोळ्या घ्यायच्या तर तपासणी करून आणि डॉक्टरांनी ठरवलेल्या प्रमाणातच घ्याव्यात.

तहान, ऊन आणि थंडी

वाढत्या वयात शरीरातील पाण्याचा वाटा कमी होतो, मूत्रपिंडांची पाणी राखण्याची शक्ती घटते आणि या दोन्हींची सूचना देणारी तहानही मंदावते. ‘तहान लागली की पितो’ हे उत्तर म्हणून वृद्धांच्या बाबतीत भरवशाचे नाही. नाशिकची हवा थंड, असा लौकिक असल्यामुळे येथे उन्हाळ्याची काळजी उशिरा घेतली जाते, परंतु एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि घाम कमी येणारे वृद्ध शरीर ती उष्णता बाहेर टाकू शकत नाही. त्यांच्यासाठी वेगळा तांब्या भरून ठेवावा आणि दिवसातून किती वेळा रिकामा झाला ते पाहावे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारात पाणी मोजून घ्यावे लागते, तेथे डॉक्टरांचा शब्द अंतिम मानावा. रात्री उठावे लागते म्हणून, किंवा प्रवासात स्वच्छतागृह मिळत नाही म्हणून अनेक ज्येष्ठ स्त्रिया पाणी पिणेच टाळतात. त्यांनी संध्याकाळपर्यंत बहुतेक पाणी पिऊन घ्यावे आणि घरच्यांनी प्रवास आखताना थांबण्याच्या जागा आधी ठरवाव्यात.

हिवाळ्यात उलट घडते. निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या येऊ लागल्या की पहाटेचा फेरफटका सूर्य वर येईपर्यंत पुढे ढकलावा. थंडीने त्वचेखालील रक्तवाहिन्या आकसतात आणि वयामुळे आधीच ताठर झालेल्या धमन्यांत रक्तदाब आणखी चढतो.

औषधांची पिशवी उघडून पाहावी

चाळिशीनंतर मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता दरवर्षी मिनिटाला सुमारे १ मिलिलिटर या दराने घटत जाते, आणि ही घट साध्या अहवालात सहज लपते. मूत्रपिंडांच्या तपासणीत रक्तात मोजले जाणारे क्रिएटिनिन स्नायूंपासून तयार होते. स्नायूच कमी झालेल्या कृश आजींचे क्रिएटिनिन ‘नॉर्मल’ येते आणि मूत्रपिंडे मात्र थकलेली असतात. म्हणून अहवालात ई-जीएफआर हा गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज देणारा आकडा मागून घ्यावा. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून परस्पर आणलेल्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या अशा मूत्रपिंडांवर मोठा ताण आणतात, विशेषतः रक्तदाबाची आणि लघवी वाढवणारी औषधे सोबत चालू असतील तर. सर्दीच्या अनेक गोळ्यांतील क्लोरफेनिरामाइनमुळे वृद्धांना भ्रम होऊ शकतो आणि प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी अडू शकते. झोपेच्या गोळ्यांचा अंमल सकाळपर्यंत राहतो आणि तोल जातो. गाढ झोप कमी होऊन जाग लवकर येणे हा मात्र वयाचाच भाग आहे, त्यासाठी दुपारची झोप आटोक्यात ठेवणे हा पहिला उपाय करावा.

उठल्यावर अंधारी येत असेल, तर पाच मिनिटे पडून राहून रक्तदाब मोजावा आणि उभे राहिल्यावर पहिल्या व तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजावा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरत असेल, तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जावे. औषध मनाने बंद करू नये.

डोळे आणि कान यांविषयी थोडक्यात सांगायचे तर, बाहुली लहान होऊन आणि भिंग पिवळसर होऊन साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. पंचवटीतील जुन्या वाड्यांच्या अंधाऱ्या, उभ्या जिन्यांत म्हणूनच दोन्ही टोकांना दिवे आणि दोन्ही बाजूंना कठडा हवा. कानाच्या आतील केसपेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत आणि उंच पट्टीचे आवाज आधी ऐकू येईनासे होतात. ओरडण्याऐवजी समोर येऊन, सावकाश बोलावे आणि श्रवणयंत्र वेळेत घ्यावे.

जे वयामुळे नाही

नाव आठवायला वेळ लागणे वयाचे आहे. रोजच्या रस्त्यावरून घरी परत येता न येणे आजाराचे आहे. भूल पडणे, असंबद्ध बोलणे किंवा दिवसभर झोपून राहणे हे एक-दोन दिवसांत अचानक सुरू झाले, तर अंगात ताप नसला तरी न्यूमोनिया किंवा लघवीचा संसर्ग असू शकतो, कारण वृद्धांत ताप अनेकदा चढतच नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पाय बधिर होणे आणि विस्मरण हे ब-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळेही होते. शाकाहारी, मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणारे आणि जठरातील आम्ल कमी झालेले ज्येष्ठ यांना तिचा धोका अधिक असतो, आणि ती इंजेक्शनने किंवा गोळ्यांनी भरून निघते. सहा महिने ते वर्षभरात कारण नसताना ५ टक्के वजन उतरणे, दोन जिन्यांऐवजी एकाच जिन्यात दम लागणे, शौचाच्या सवयीत बदल होणे, सतत उदास राहणे यांपैकी कशालाही ‘वय झाले’ हे निदान लावू नये.

डॉक्टरांकडे जाताना वहीतील खुर्चीची वेळ, चालण्याची वेळ, पोटरीचा घेर आणि वजन एका कागदावर उतरवावे. सर्व औषधांची पाकिटे, त्यांत काढे, चूर्णे आणि मेडिकलमधून आणलेल्या गोळ्याही आल्या, एका पिशवीत घालून न्यावीत आणि यांतले कोणते आता थांबवता येईल, हा प्रश्न स्वतःहून विचारावा.