जरथुष्ट्राच्या गाथा कशा वाचाव्यात
कोल्हापुरात करवीर नगर वाचन मंदिरात किंवा घरी बसून पारशी धर्माचा प्रेषित जरथुष्ट्र याच्या गाथा, म्हणजे स्तोत्रे, वाचायच्या असतील, तर त्या ज्यात आहेत त्या यस्न या प्रार्थनाग्रंथाचे ७२ अध्याय ओळीने वाचत बसू नये. त्यांतल्या १७ गाथा तेवढ्या घ्याव्यात आणि आरंभ २९व्या अध्यायापासून करावा. त्यात गाईचा आत्मा जुलमाचे गाऱ्हाणे मांडतो, चांगला राखणदार मागतो आणि जरथुष्ट्राचे नाव पुढे येताच, हा तर दुबळा माणूस, म्हणून हिरमुसतो. गोठा सांभाळणाऱ्या करवीरकराला ही व्यथा समजावून सांगावी लागणार नाही. मग ३०वा अध्याय वाचावा: भल्याबुऱ्याची निवड प्रत्येकाने स्वतः, नीट ऐकून आणि विचार करून करावी, असे तिथे बजावले आहे. अवघड कडव्यापाशी दोन भाषांतरे शेजारी ठेवावीत, कारण गाथांची अवेस्ता भाषा फार जुनी असून अर्थाबाबत अभ्यासकांत एकमत नाही.