अपडेटनंतर लिनक्स बंद होत नाही? आधी अडतंय कुठे ते पाहा

लगेच पॉवर बटण दाबून धरू नका. डिस्कवरचं लिखाण अर्धवट राहू शकतं. एस्केप दाबा, म्हणजे लोगोमागचे संदेश दिसतील. ‘अ स्टॉप जॉब इज रनिंग’ अशी ओळ असेल तर एखादी सर्व्हिस (मागे चालणारा प्रोग्राम) थांबत नाहीये. सिस्टमडी (सर्व्हिस सुरू-बंद करणारी लिनक्समधली यंत्रणा) तिला सहसा ९० सेकंद देते आणि मग जबरदस्तीने बंद करते. तेवढा धीर धरा.

तरीही हललं नाही, तर ऑल्ट आणि प्रिंटस्क्रीन धरून एस, यू, ओ ही अक्षरं दोन-तीन सेकंदांच्या अंतराने दाबा: डेटा डिस्कवर उतरतो, डिस्कवरचं लिखाण थांबतं, मशीन बंद होतं. काही डिस्ट्रोंमध्ये (उबुंटू, फेडोरासारख्या लिनक्सच्या प्रकारांत) ही सोय बंद असते.

पुन्हा सुरू केल्यावर टर्मिनलमध्ये ‘journalctl -b -1 -e’ चालवा, म्हणजे मागच्या वेळच्या नोंदी दिसतील. शेवटी अडलेल्या सर्व्हिसचं नाव सापडेल. ९० सेकंदांची मर्यादा घटवून दुखणं झाकू नका, ती सर्व्हिसच दुरुस्त करा.

पॉवर-ऑफ टार्गेट (बंद होण्याचा शेवटचा टप्पा) गाठल्याची नोंद असूनही पंखा फिरत राहिला, तर संशय कर्नल (लिनक्सचा गाभा), ड्रायव्हर किंवा फर्मवेअरवर (हार्डवेअरमधलं सॉफ्टवेअर). ग्रब या बूट मेनूच्या अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समधून जुनं कर्नल निवडा. त्यावर नीट बंद झालं, तर पुढचं अपडेट येईपर्यंत तेच वापरा.