दुरावलेल्या विश्वासाकडे परत कसे यावे

विश्वासापासून दुरावलेला माणूस बहुधा एका दिवसात दुरावलेला नसतो. एखाद्या दिवशी प्रार्थना राहून जाते, मग रविवारची उपासना चुकते, मग चुकल्याची टोचणी नको म्हणून तो विषयच मनात आणायचा नाही असे ठरून जाते, आणि काही वर्षांनी लक्षात येते की ज्या देवाला आपण एकेकाळी ‘बापा’ अशी हाक मारीत होतो त्याच्याशी बोलायला आता शब्दच सापडत नाहीत. अशा माणसाला परत यावेसे वाटू लागले की पहिला विचार येतो तो असा: आधी मी सुधारतो, एवढे व्यसन सोडतो, एवढे भांडण मिटवतो, आणि मग देवापुढे जातो. हा विचार नम्रतेचा दिसतो. पण ख्रिस्ती शिकवणुकीच्या दृष्टीने तो उलट्या क्रमाचा आहे, आणि परतीच्या वाटेवर माणसे सर्वांत जास्त अडकतात ती येथेच. म्हणून आधी क्रमाविषयी, आणि काय करावे ते त्यानंतर.

लूककृत शुभवर्तमानाच्या 15व्या अध्यायातील उधळ्या पुत्राचा दाखला बहुतेकांना तोंडपाठ असतो, आणि तोंडपाठ असल्यामुळेच त्यातील एक जागा नजरेतून सुटते. धाकटा मुलगा बापाच्या हयातीतच वाटणी मागून घेतो, दूर देशी ती उधळून टाकतो, दुष्काळ पडतो आणि त्याच्यावर डुकरे चारण्याची वेळ येते. डुकराला अशुद्ध मानणाऱ्या यहूदी श्रोत्यांना याहून खालची पायरी कल्पनेत आणणे कठीण होते. तेथे तो शुद्धीवर येतो आणि बापापुढे काय बोलायचे ते मनाशी जुळवतो. त्या बोलण्याचे तीन भाग आहेत: मी स्वर्गाविरुद्ध व तुमच्याविरुद्ध पाप केले आहे; तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला मी आता योग्य नाही; मला आपल्या एका मोलकऱ्यासारखे ठेवा. आता भेटीचा प्रसंग वाचावा. मुलगा दूर असतानाच बाप त्याला पाहतो, धावत जातो, गळ्यात पडून त्याचे मुके घेतो, आणि हे सारे मुलाने तोंड उघडण्यापूर्वी घडते. मग मुलगा बोलू लागतो. पहिला भाग येतो, दुसरा येतो, आणि तिसरा येतच नाही, कारण बाप चाकरांना झगा, अंगठी आणि जोडे आणायला सांगू लागतो.

ते न उच्चारलेले तिसरे वाक्य मला या साऱ्या विषयाची किल्ली वाटते. पहिली दोन वाक्ये कबुलीची आहेत आणि ती बाप ऐकून घेतो. तिसरे वाक्य सौद्याचे आहे: मी राबेन, तुम्ही पोटाला घाला. परत येऊ पाहणारा जवळजवळ प्रत्येक माणूस असे एखादे तिसरे वाक्य तयार करून आणतो, आणि ते पटेल असे जुळत नाही तोवर दाराशी जाण्याचे टाळतो.

हाच क्रम इतरत्रही दिसतो. यरीहो येथील जकातदार जक्कय झाडावर बसलेला असताना येशू त्याला म्हणतो की आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे. लुबाडलेले परत करण्याचे वचन जक्कय देतो ते त्यानंतर. येशूचा शिष्य पेत्र याने कोळशाच्या शेकोटीशी उभे राहून येशूला तीनदा नाकारले होते. योहानकृत शुभवर्तमानाच्या 21व्या अध्यायात पुनरुत्थित येशू सरोवराच्या काठी पुन्हा कोळशाचाच विस्तव पेटवून त्यावर मासळी भाजतो, आधी न्याहारी वाढतो, आणि मगच ‘माझ्यावर प्रीती करतोस काय?’ असे तीनदा विचारतो. आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला, असे पौल रोमकरांस लिहितो, आणि देवाची ममताच माणसाला पश्चात्तापाकडे नेते असेही त्याच पत्रात म्हणतो. प्रीती पश्चात्तापाचे बक्षीस म्हणून मिळत नाही. पश्चात्ताप शक्य होतो तोच तिच्यामुळे.

‘पश्चात्ताप’ या मराठी शब्दाविषयीही येथेच थोडे बोलले पाहिजे, कारण तो शब्द वाचकाची थोडी दिशाभूल करतो. त्यात ‘ताप’ आहे, म्हणजे मागाहून होणारी जळजळ. पण वळणे नाही. नव्या करारातील ग्रीक शब्द ‘मेतानोइया’ मन पालटण्याविषयी बोलतो, आणि संदेष्ट्यांच्या तोंडी वारंवार येणारा इब्री शब्द ‘शूब’ याचा अर्थ सरळ ‘वळणे, परत येणे’ असा आहे. ताप पुष्कळ झाला आणि पाऊल वळलेच नाही, असे होऊ शकते. येशूला धरून देणाऱ्या यहूदा इस्कर्योताला केल्याचे दुःख झाले, त्याने पैसेही परत नेऊन टाकले. पण त्याच्यासाठी मत्तयाने वापरलेले ग्रीक क्रियापद मन पालटण्याचे नसून हळहळीचे आहे, आणि तो एकटाच निघून गेला. पेत्रही ढसाढसा रडला, परंतु तो इतर शिष्यांत राहिला आणि किनाऱ्यावर प्रभू दिसताच होडीतून उडी टाकून निघाला. म्हणून आपल्याला पुरेसे वाईट वाटते की नाही हे मोजत बसू नये. तोंड कोणीकडे आहे, एवढेच पाहावे.

प्रत्यक्ष सुरुवात लहान प्रार्थनेने करावी, आणि ती खरी असावी. अनेक वर्षांच्या खंडानंतर अर्धा तास प्रार्थना करण्याचा संकल्प तिसऱ्या दिवशी मोडतो, आणि मोडलेला संकल्प हेच पुन्हा दूर राहण्याचे निमित्त होते. दिवसाची एक वेळ व एक जागा ठरवून तेथे पाच मिनिटे बसावे. शब्द सुचत नसतील तर 51वे स्तोत्र सावकाश, ऐकू येईल अशा आवाजात वाचावे. ज्यांचा दुरावा पापापेक्षा शंकांमुळे आला आहे, त्यांनी आधी सर्व शंका मिटण्याची वाट पाहू नये. मार्ककृत शुभवर्तमानाच्या 9व्या अध्यायात आजारी मुलाचा बाप ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा’ अशी दोन्ही टोके एकाच वाक्यात घेऊन येतो आणि येशू त्याला परत पाठवत नाही.

आठवडाभर असे बसल्यानंतर कागद घ्यावा आणि ज्या गोष्टींनी आपण दुरावलो त्या लिहून काढाव्यात. येथे पुस्तकी शब्द टाळावेत. ‘माझ्यात लोभ आहे’ असे लिहिणे सोपे असते, कारण त्यात कोणाचे नाव येत नाही. ‘धाकट्या भावाच्या वाट्याचे पैसे मी तीन वर्षे अडवून ठेवले आणि त्याने विचारले तेव्हा खोटे बोललो’ असे लिहिताना हात थांबतो. हात थांबतो तेथेच लिहिण्यासारखे काही असते. लिहून झाल्यावर कागद पुन्हा वाचावा आणि ‘पण’ हा शब्द शोधावा. ‘मी खोटे बोललो, पण त्यानेही मला कधी मदत केली नव्हती.’ अशा वाक्यातील ‘पण’पासूनचा पुढचा भाग रेघ मारून काढावा. तो भाग खोटा असतो असे नाही. भावाचे वागणे खरोखरच वाईट असेल. परंतु ती त्याची कबुली आहे, आपली नव्हे.

ही खोड किती जुनी आहे ते शौल आणि दावीद या दोन राजांच्या कबुल्या शेजारी ठेवल्या की कळते. देवाची आज्ञा मोडल्याबद्दल शमुवेल संदेष्ट्याने जाब विचारल्यावर शौल ‘मी पाप केले आहे’ असे म्हणतो खरे, पण लगेच लोकांची भीती वाटली हे कारण जोडतो, आणि थोड्या वेळाने निदान वडीलजनांसमोर माझा मान राखा अशी विनवणी करतो. दाविदाचा अपराध तुलनेने भयंकर होता, त्याने आधी उरीयाची पत्नी घेतली आणि मग उरीयाचा जीव. पण नाथान संदेष्ट्याने ‘तो मनुष्य तूच’ असे म्हणताच दाविदाने परमेश्वराविरुद्ध पाप केल्याचे एका वाक्यात कबूल केले आणि पुढे काहीही जोडले नाही. त्याला क्षमा मिळाली, तरी केल्याचे परिणाम टळले नाहीत, हेही तेथे स्पष्ट लिहिलेले आहे. क्षमा झाली म्हणजे मोडलेला संसार, गेलेली नोकरी किंवा दुसऱ्याचा गमावलेला भरवसा आपोआप परत येईल, असे आश्वासन कोणी देत असेल तर ते शास्त्राला धरून नाही.

यानंतर कबुली कोणापुढे द्यायची, हा प्रश्न आपण कोणत्या परंपरेत वाढलो यावर अवलंबून आहे. कॅथलिक व्यक्तीसाठी मार्ग ठरलेला आहे: धर्मगुरूकडे पापनिवेदन करणे, गंभीर पापे शक्य तेवढी प्रकार व संख्येसह सांगणे, सांगितलेले प्रायश्चित्त स्वीकारणे आणि पापक्षमेचे शब्द ऐकणे. वर्षातून निदान एकदा पापनिवेदन करावे हा नियम 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेपासूनचा आहे. खूप वर्षांनी जाणाऱ्याने आत शिरताच ‘फादर, मी फार वर्षांनी आलो आहे, पद्धत विसरलो आहे’ असे सांगून टाकावे. पुढचे ते पाहून घेतात. पापनिवेदनात ऐकलेले कोणालाही, कोणत्याही कारणासाठी सांगण्याची धर्मगुरूला मुभा नसते. ऑर्थोडॉक्स मंडळीत धर्मगुरू साक्षी म्हणून शेजारी उभा राहतो आणि कबुली ख्रिस्ताला दिली जाते. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत कबुली थेट देवाला आणि उपासनेतील सामुदायिक प्रार्थनेतून दिली जाते. तरीही एकमेकांजवळ पापे कबूल करा असे याकोबाच्या पत्रात सांगितलेले आहे, आणि माझ्या मते एका विश्वासू, तोंड बंद ठेवणाऱ्या, वयाने व अनुभवाने मोठ्या माणसापुढे तो कागद एकदा मोठ्याने वाचून दाखवणे प्रत्येकाच्याच हिताचे आहे. मनात शंभरदा दिलेली कबुली आणि दुसऱ्याच्या कानावर पडलेली कबुली यांत फार अंतर असते.

कबुलीनंतर भरपाई. मोशेच्या नियमशास्त्रात फसवून घेतलेले परत करताना मूळ रकमेवर पाचवा हिस्सा जास्त द्यायला सांगितले होते. जक्कयने चौपट देऊ केले. आपण निदान मुद्दलापासून सुरुवात करावी. पैसे असतील तर परत द्यावेत, कोणाची बदनामी केली असेल तर जेथे केली तेथेच ती खोडून काढावी. क्षमा मागायला जाताना ‘तुला वाईट वाटले असेल तर’ असे म्हणू नये, आणि समोरच्याने तेथल्या तेथे क्षमा करावी अशी अपेक्षाही ठेवू नये. आपल्या जाण्याने त्या व्यक्तीची जखम पुन्हा उघडणार असेल, तर प्रत्यक्ष न जाता काय करता येईल हे आधी सल्ला घेऊन ठरवावे.

येथे एक गोष्ट वेगळी काढून सांगणे भाग आहे. काही जण स्वतःच्या पापामुळे नव्हे, तर मंडळीतल्याच कोणी केलेल्या अत्याचारामुळे दूर गेलेले असतात. त्यांनी दुसऱ्याच्या अपराधाचा पश्चात्ताप करायचा नसतो, त्याच जागी परत जाण्याचे बंधन त्यांच्यावर नाही, आणि गुन्ह्याची तक्रार करणे हे क्षमेच्या विरुद्ध नाही. तसेच क्षमेची खात्री देऊनही अपराधीपणा रात्रंदिवस पाठ सोडत नसेल, झोप व भूक उडाली असेल, तर पाळकांबरोबर डॉक्टरांनाही भेटावे.

मंडळीत परतताना थोरल्या भावाची, म्हणजे त्याच दाखल्यात धाकट्याच्या स्वागतावर रागावणाऱ्याची, गाठ पडेल हे गृहीत धरावे. ‘इतके दिवस होतास कुठे?’ हा प्रश्न कोणीतरी विचारतोच, आणि त्याचे एका ओळीचे उत्तर तयार असले म्हणजे पुरते: ‘दूर होतो, आता आलो आहे.’ परतणाऱ्यांना कसे वागवावे हा वाद मंडळीत फार जुना आहे. 250 मध्ये रोमन सम्राट डेसियसने सर्वांना देवतांपुढे बळी अर्पण करण्याचा हुकूम काढला, तेव्हा अनेक ख्रिस्ती लोक भीतीने वाकले, आणि नंतर परत येऊ लागले. रोममधील नोव्हेशियनचे म्हणणे पडले की अशांना मंडळीने क्षमा करूच नये; कार्थेजचा बिशप सिप्रियन आणि रोमचा बिशप कॉर्नेलियस यांनी प्रायश्चित्तानंतर दार उघडे ठेवले, आणि मंडळीने पुढे हाच मार्ग धरला. 325 च्या निकिया परिषदेने जबरदस्ती नसताना ढळलेल्यांना एकूण 12 वर्षांची वाट घालून दिली. पण मरणाच्या दारात असलेल्याला प्रभुभोजन नाकारू नये असेही ठरवले. आज ती 12 वर्षे नाहीत. तरीही पुष्कळांच्या मनात एक नोव्हेशियन बसलेला असतो, आणि त्याचा आवाज ते देवाचा समजतात.

पहिल्या काही आठवड्यांत जबाबदारीचे काम मागू नये, साक्ष द्यायला उभे राहण्याची घाई करू नये. नुसते जाऊन बसावे. प्रभुभोजनाविषयी आपल्या पाळकांना किंवा धर्मगुरूंना आधी विचारून घ्यावे. पूर्वी बाप्तिस्मा झालेल्याला परतताना तो पुन्हा घ्यावा लागत नाही, अशी बहुतेक प्राचीन परंपरांची शिकवण आहे. प्रकटीकरणाच्या 2ऱ्या अध्यायात पहिली प्रीती सोडलेल्या इफिसच्या मंडळीला तीन गोष्टी सांगितल्या आहेत: कोठून पडलास ते आठव, पश्चात्ताप कर, आणि पहिली कृत्ये कर. तिसरी गोष्ट सहज अमलात आणता येते. पूर्वी आपण आजाऱ्याला भेटायला जात असू, गीते म्हणत असू, मुलांना निजताना शास्त्रातली गोष्ट सांगत असू. त्यांतले एक काम, भावना परत येण्याची वाट न पाहता, याच आठवड्यात पुन्हा सुरू करावे.

आणि पुन्हा घसरण होईल. पेत्राने भावाला किती वेळा क्षमा करावी असे विचारून स्वतःच सात हा आकडा सुचवला, तेव्हा येशूने सातावर न थांबता सत्तर गुणिले सात असे सांगितले. माणसाकडून इतके मागणारा देव स्वतः हिशेब ठेवून बसला असेल असे मानायला जागा नाही. घसरण झाली तर ती रविवारसाठी साठवून ठेवू नये. त्याच रात्री ठरलेल्या जागी बसावे, त्या मुलाची पहिली दोन वाक्ये म्हणावीत, आणि मोलकऱ्याचे तिसरे वाक्य जिभेवर आलेच तर तेवढे गाळावे.