मोठ्या कंपनीत इंटर्नल कम्युनिकेशनचं डिजिटल काम कसं करायचं

इंटर्नल कॉम्समध्ये, म्हणजे कंपनीतल्याच लोकांपर्यंत माहिती पोचवणाऱ्या टीममध्ये, नवीन जॉइन झालात की पहिल्या आठवड्यापासून सगळे एकच सांगायला लागतात, हा ड्राफ्ट घ्या, जरा नीट करा आणि सगळ्यांना पाठवून द्या. एचआर सांगतं, आयटी सांगतं, फायनान्सवाले तर संध्याकाळी पावणेसहाला सांगतात, आणि हळूहळू आपल्यालाही वाटायला लागतं की आपलं काम म्हणजे मेल पाठवणं. माझं मत वेगळं आहे. आपलं काम म्हणजे हजारो लोकांचं लक्ष सांभाळणं. बिनकामाचे दहा मेल पाठवले की अकरावा, खरंच महत्त्वाचा मेल न वाचताच डिलीट होतो, आणि त्या वेळी तो पगाराच्या खात्याबद्दल किंवा सेफ्टीबद्दल असू शकतो. म्हणून या कामात लिहिता येण्याइतकंच नाही म्हणता येणं गरजेचं आहे.

नाही म्हणायचं म्हणजे भांडायचं नाही. कोणी ड्राफ्ट घेऊन आलं की फक्त विचारा, हे नेमकं कोणासाठी आहे, वाचून त्यांनी काय करायचंय, आणि कधीपर्यंत? समोरच्याला याची उत्तरं देता आली नाहीत तर तो मेल अजून तयार नाही, एवढं सरळ आहे. बऱ्याचदा "सगळ्यांना" चं उत्तर शेवटी एका लोकेशनच्या चारशे लोकांवर येतं. आणि "काही करायचं नाही, फक्त माहिती म्हणून" असं उत्तर आलं तर ते इंट्रानेटवर, म्हणजे कंपनीच्या आतल्या वेबसाइटवर, टाका, इनबॉक्समध्ये नको.

आता लिहिण्याबद्दल. समजा आयटीकडून हे आलं: विषय "महत्त्वाची सूचना: पासवर्ड धोरणातील बदलाबाबत", आणि आत पहिल्या पॅराग्राफमध्ये कंपनी सायबर सुरक्षेला किती महत्त्व देते, दुसऱ्यात नवीन सिस्टीमचं नाव आणि ती कोणत्या प्रोग्रामचा भाग आहे, तिसऱ्यात कुठेतरी मध्ये की शुक्रवारनंतर जुना पासवर्ड चालणार नाही. नमनाला घडाभर तेल. हे असं करा: विषय "शुक्रवारी संध्याकाळी ६ च्या आत पासवर्ड बदला". पहिली ओळ "नाही बदलला तर सोमवारी लॅपटॉप उघडणार नाही." दुसरी ओळ "पाच मिनिटं लागतात, इथून बदला", तिथेच लिंक. तिसरी ओळ अडचण आली तर कोणाला फोन करायचा. बास. धोरण का बदललं ते खाली दोन ओळीत लिहा, ज्याला वाचायचंय तो वाचेल. आयटीवाले म्हणतील की आमच्या प्रोग्रामचं नाव वर पाहिजे, तेव्हा त्यांना मेल फोनवर उघडून दाखवा आणि स्क्रोल न करता काय दिसतं ते बघायला सांगा. ही युक्ती बहुतेक वेळा चालते.

मुद्दा खाली गाडला की काय होतं त्याचं प्रसिद्ध उदाहरण २०१४ चं आहे. मायक्रोसॉफ्टने नोकियाचा फोनचा धंदा घेतल्यानंतर त्या विभागाचे प्रमुख स्टीफन इलॉप यांनी कर्मचाऱ्यांना लांबलचक मेमो पाठवला, सुरुवात "हॅलो देअर" अशी, मग प्रॉडक्ट, स्ट्रॅटेजी सगळं झालं आणि साधारण १२,५०० नोकऱ्या जाणार ही गोष्ट पार अकराव्या पॅराग्राफमध्ये. लोकांना अजूनही तो मेमो आठवतो तो त्याच कारणाने. वाईट बातमी असेल तर ती पहिल्या ओळीत, साध्या शब्दांत, "राइटसायझिंग" (म्हणजे लोकांना काढण्याचं गोड नाव) वगैरे न म्हणता.

वाईट बातमीचा क्रम तर मजकुरापेक्षाही महत्त्वाचा आहे. ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांना आधी, समोरासमोर किंवा निदान फोनवर, आणि त्यांच्या मॅनेजरना त्याच्याही आधी, प्रश्न-उत्तरांचा एक कागद हातात देऊन. मग बाकीच्यांना मेल. २०२१ च्या डिसेंबरमध्ये बेटर डॉट कॉम या अमेरिकेतल्या गृहकर्ज कंपनीच्या सीईओंनी एकाच झूम कॉलवर सुमारे ९०० लोकांना काढलं, तो कॉल रेकॉर्ड होऊन जगभर फिरला. म्हणून काहीही लिहिताना हे उद्या सकाळी बाहेर जाणार आहे असंच धरून लिहा. लिस्टेड कंपनी असेल तर शेअरच्या भावावर परिणाम करणारी बातमी कधी आणि आधी कुठे द्यायची याचे कायदेशीर नियम असतात, तेव्हा लीगल आणि पीआरला विचारून पाठवायची वेळ मिनिटापर्यंत ठरवून घ्या.

पाठवण्याची तांत्रिक बाजू कंटाळवाणी वाटते पण घोडं तिथेच पेंड खातं. पहिलं म्हणजे डिस्ट्रिब्युशन लिस्ट, म्हणजे एकाच पत्त्यावर पाठवलं की यादीतल्या सगळ्यांना मेल जातो ती सोय. मोठ्या लिस्टवर कोण पाठवू शकतं हे लॉक करून घ्या, नाहीतर कोणीतरी चुकून पाठवणार, दुसरा रिप्लाय-ऑल करून "मला यातून काढा" म्हणणार, तिसरा सगळ्यांना "कृपया रिप्लाय-ऑल करू नका" असं रिप्लाय-ऑल करणार आणि सर्व्हर आडवा पडणार. खुद्द मायक्रोसॉफ्टमध्ये १९९७ मध्ये हे झालंय, साधारण १३,००० लोकांच्या बेडलॅम डीएल३ नावाच्या लिस्टवर. शेवटी २०२० मध्ये त्यांनी एक्स्चेंज ऑनलाइनमध्ये, म्हणजे कंपन्यांसाठीच्या त्यांच्या मेल सेवेत, यासाठी संरक्षण आणलं, सुरुवातीची सेटिंग अशी होती की ५,००० पेक्षा जास्त लोकांच्या थ्रेडवर तासाभरात १० रिप्लाय-ऑल झाले की पुढचे ४ तास ब्लॉक. तुमच्याकडे ते चालू आहे का ते आयटीला आजच विचारा. आणि लिस्टमध्ये कोण कोण आहे हेही बघा, कॉन्ट्रॅक्टवरचे लोक आणि लांब रजेवर असलेले लोक हमखास निसटतात किंवा नको तिथे असतात.

दुसरं, आउटलुक. विंडोजचं जुनं डेस्कटॉप आउटलुक २००७ पासून मेल वर्डच्या इंजिनने दाखवतं, त्यामुळे डिझायनरने ब्राउझरमध्ये सुंदर दाखवलेलं टेम्प्लेट तिथे मोडून पडतं. साधं एका कॉलमचं, रांगा-रकान्यांच्या टेबलवर बांधलेलं टेम्प्लेट ठेवा. डार्क मोडमध्ये आणि फोनवर टेस्ट करा. सगळा मजकूर एका पोस्टरच्या इमेजमध्ये घालून पाठवायची सवय मात्र मोडाच, इमेज ब्लॉक असेल तर लोकांना रिकामा चौकोन दिसतो, आणि स्क्रीन रीडर (दिसत नसलेल्यांना स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्या सहकाऱ्याला काहीच कळत नाही. अक्षर आणि बॅकग्राउंडचा कॉन्ट्रास्ट किमान ४.५:१ ठेवा, तपासायची फुकट टूल्स भरपूर आहेत.

फिशिंगचाही, म्हणजे खोट्या मेलने लोकांना फसवण्याचाही, विचार करा. एकीकडे सिक्युरिटी टीम सांगते अनोळखी लिंकवर क्लिक करू नका, आणि दुसरीकडे आपण बाहेरच्या सर्व्हे टूलमधून "तातडीने क्लिक करा" असा मेल पाठवतो. पाठवणाऱ्याचं नाव कायम एकच ठेवा, छोट्या केलेल्या लिंक वापरू नका, आणि बाहेरच्या टूलमधून काही जाणार असेल तर आदल्या दिवशी इंट्रानेटवर सांगून ठेवा.

यात ज्यांच्याकडे कंपनीचा मेलच नाही ते लोक कायम राहून जातात, म्हणजे प्लांटवरचे, गोदामातले, दुकानातले, गाडीवरचे. मला हा या कामातला सगळ्यात दुर्लक्षित भाग वाटतो आणि याबद्दल खरंच वाईट वाटतं, कारण कंपनी मुळात त्यांच्या जिवावर चालते. त्यांच्यासाठी शिफ्ट सुरू होतानाची सुपरवायझरची पाच मिनिटं हाच चॅनल. सुपरवायझरला मोठा मेल फॉरवर्ड करू नका, मोठ्याने वाचता येतील अशी चार वाक्यं द्या, लोक बोलतात त्या भाषेत. जोडीला ब्रेकरूममधली स्क्रीन आणि क्यूआर कोड. पण स्वतः एकदा नाइट शिफ्टला जाऊन बघा की स्क्रीन चालू असते का आणि तिथे फोनला रेंज येते का.

सगळंच बंद पडलं तर काय, हेही आधी ठरवा. २०१७ च्या जूनमध्ये नॉटपेट्या या सायबर हल्ल्यात मर्स्क या जहाज वाहतूक कंपनीचं नेटवर्क कोसळलं, नंतर कंपनीने सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी पुन्हा उभे केले, आणि त्या काळात लोकांनी व्हॉट्सअॅपवर काम चालवलं. तुमच्याकडे एसएमएसची सोय, फोन नंबरची ताजी यादी आणि "मेल बंद आहे, अपडेट इथे मिळतील" असा तयार मेसेज कंपनीच्या नेटवर्कबाहेर ठेवलेला हवा, आणि तो पाठवायची परवानगी कोणाकडे आहे हेही लिहून ठेवलेलं हवं.

इंट्रानेटचं थोडक्यात सांगतो. होमपेजच्या बॅनरवर महिनाभर वाद घालण्यापेक्षा सर्चचा लॉग काढा. लोक काय शोधतात आणि कशाला काहीच रिझल्ट येत नाही ते बघा, तिथे बहुधा रजा, पगाराची स्लिप, प्रवासाचं बिल असलंच सापडेल. ती पानं आधी दुरुस्त करा. प्रत्येक पानाला एक मालक आणि तपासायची तारीख द्या, मालक कंपनी सोडून गेला की पान दुसऱ्याच्या नावावर करा किंवा काढून टाका.

राहिलं मोजमाप. ओपन रेटवर, म्हणजे किती जणांनी मेल उघडला या आकड्यावर, फार विसंबू नका. तो मेलमधली इमेज लोड झाली का यावरून मोजतात, आणि २०२१ पासून अॅपलचं मेल अॅप प्रायव्हसीसाठी इमेज स्वतःच आधी लोड करतं म्हणून न उघडलेला मेलही उघडला असं दिसू शकतं, आणि सिक्युरिटी स्कॅनर लिंकवर आपोआप क्लिक करतात ते वेगळंच. वरिष्ठांना आकडा द्यायचाच असेल तर काम झालं का त्याचा द्या: शुक्रवारपर्यंत किती जणांनी पासवर्ड बदलला, सोमवारी हेल्पडेस्कला किती फोन आले. सोबत वेगवेगळ्या टीममधल्या पाच-सहा जणांना फोन करून विचारा की त्या मेलमधून तुम्हाला काय कळलं. त्यांनी सांगितलेलं त्यांच्याच शब्दात लिहून घ्या, आणि पुढच्या वेळी कोणी पाल्हाळ लावलेला ड्राफ्ट घेऊन आलं की तेच त्यांच्यासमोर ठेवा.